दोन पुलांमधलं अंतर

थंडीत सगळं आखडतं. बोटं आखडतात, म्हातारे आखडतात, दाजींची मेंढरं एकमेकांत शिरून शिरून शेवटी एकच गावाएवढं मेंढरू तयार होतं. आमच्या कालव्यावरचा रस्ता तेवढा यंदा लांबला आहे. पहाटे पळायला येणाऱ्या पोरी मारुतीजवळच्या पुलापासून सुटतात, बाभळीच्या पुलापर्यंत जातात आणि तिथून आणखी पुढं, नव्यानं रोवलेल्या पांढऱ्या दगडापर्यंत. परत येतात त्या कमरेवर हात ठेवून, वाकून, माझ्यावर डाफरत. "मामा, गेल्या साली पुलापस्तोरच हुतं. ह्यो दगड पुढं का सरकिवला?"

"म्या कशाला सरकिवतो? थंडी वाजती म्हणून त्योच चालतो, अंग गरम करायला."

पोरी हसतात. खोटं बोलायला मला कष्ट पडत नाहीत. माझ्या तोंडात जिभा दोन आहेत, एक जेवायला आणि एक बोलायला, आणि बोलणारी जास्त कामावर असते. पण यंदा त्या पोरी हसल्या की मी दगडाकडं बघत नाही. शाळू निसवलाय, कणसात दूध भरलंय, मोटारीच्या पाण्यातून पहाटे वाफ निघते, सगळं जिथल्या तिथं आहे. हा हंगाम दरसाल येतो. मला तो आता आलेला नको असतो.

मी या गावचा फौजी मामा. तेरकडून धाराशिवला जाणाऱ्या एसटीत कुठल्याही माणसाला विचारा, तो तुम्हाला माझ्या पाच लढाया सांगेल, आणि त्यातल्या दोन त्यानं स्वतःच्या पदरच्या घातलेल्या असतील. मी बर्फात रुतलेला रणगाडा खांद्यानं उचलला. मी शत्रूची गोळी दातात धरली आणि थुंकली, ती ज्याची होती त्यालाच लागली. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक चट्टा आहे, तो तर गावातल्या प्रत्येक बारशाला दाखवलेला आहे. सुटीवर यायचो तेव्हा ट्रंक उघडायच्या आधी लोक माझं तोंड उघडायची वाट बघायचे.

ऐकणाऱ्यांत माझी भाची आशी असायची. आक्काची धाकटी. दाजींची मेंढरं वळून आली की काठी आडवी धरून ऐकत बसायची. बाकीची पोरं मोठी झाली तशी माझ्या गोष्टींना हसायला लागली. आशी मोठी झाली तशी प्रश्न विचारायला लागली.

"मामा, तुमच्या पलटणीत बाया हुत्या का?"

"न्हाय."

"का?"

"जागा नसती गं तिथं."

"एवढ्या मोठ्या बर्फात?"

मी ट्रंक उघडली आणि बिस्किटं वाटायला लागलो. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

ज्या सालची ही गोष्ट, त्या साली ती विशीत होती आणि भरतीचं वय संपत आलेलं होतं. ती शेवटची खेप. पोरींना जवान म्हणून जायला फौजेत एकच दार उघडं झालेलं, लष्करी पोलिसांचं. लढणाऱ्या पलटणीत, बंदूक घेऊन अगदी पुढं, तिथं अजून पोरींना बोलावणं नव्हतं. आशीला जायचं होतं ते तिथंच. मी तिला म्हणालो, "अगं, तुला जिथं जायचंय तिथली भरतीच न्हाय." ती म्हणाली, "दार किलकिलं झालंय न्हवं? आत पाय तर घालते. उद्या पुढचं दार उघडंल तवा म्या आत असंन, का हितं मेंढरामागं?"

मग तो हंगाम सुरू झाला. काय थंडी होती महाराजा! रज्जाकभाईच्या हॉटेलात चहाची वाफ वर निघायची, थोडी थरथरायची आणि परत कपात जाऊन बसायची. मी मारुतीच्या पुलावर कानटोपी घालून उभा, तोंडात शिट्टी. शिट्टी अशी वाजवायचो की सोलापूरच्या चौकात गाड्या थांबायच्या. शिट्टीवर पोरगी बाभळीच्या पुलावरून सुटायची, आणि धुक्यातून पावलं यायची, आधी आवाज, मग आशी. प्लॅस्टिकचे बूट, दाजींचा जुना स्वेटर, वेणी मानेभोवती गुंडाळलेली. तिच्या अंगाची वाफ निघायची. दवानं शाळूची पानं जड झालेली, ती पळत गेली की कडेची पानं थेंब टाकायची.

वजन उचलायच्या सरावाला आमच्याकडं लोखंड नव्हतं, मेंढा होता. आशी तो खांद्यावर घेऊन कालवा चढायची. पंधरा दिवसांत मेंढ्याला अशी सवय लागली की त्यानं चालणंच सोडलं. चारा खायला जायचं झालं तरी तो आशीकडं बघून मान वाकवायचा.

आक्काचं निराळंच. ती हुलग्याचं माडगं करायची, तूप सोडून, वाटी भरून, आणि आशीनं शेवटचा घोट घेईपर्यंत समोरून हलायची नाही. तिकडं आशी पळायला गेली की तीच आक्का मारुतीपुढं उभी राहून नारळ बोलायची, पोरगी नापास होऊ दे म्हणून. मी एकदा पकडली तिला.

"आक्के, पाजतीस बी आन् पाडतीस बी?"

"पाजणारी आई हाय म्या," ती म्हणाली. "पाडणारी बी आईच हाय. तुला न्हाय कळायचं. तू मातर काय तरी कर बाबा. तुझं ऐकती ती."

रज्जाकभाईच्या हॉटेलात रोज सकाळी देशाचं संरक्षण चालायचं. सैन्यात बायकांनी पुढं जाऊन लढावं का, यावर त्या बाकड्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी दिल्लीत झाली नसेल. दिल्लीत भजी मिळत नाहीत. रज्जाकभाई कढईत झारा फिरवत म्हणायचे, "हौलदारसाब, औरत का दिल नाजुक रैता. खून देखके चक्कर आती."

आतून पडद्यामागून भाभींचा आवाज. "व्हय का? बकरीद के दिन बकरेकू देखके पिछले दरवाजेसे कौन भाग्या था, बोलूं क्या सबके सामने?"

रज्जाकभाईंनी त्या दिवशी भजी करपवली.

दाजी कमी बोलणारे. एकदाच बोलले, चहा तसाच ठेवून. "समदं खरं. पर शत्रूच्या हाती घावली तर? पोरीची जात हाय."

आशी पाणी प्यायला आलेली. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "आबा, पोरगं घावलं तर शत्रू काय त्याला हुरडा खाऊ घालतो व्हय?"

बाकडं हसलं. दाजी हसले नाहीत. आशीही हसली नव्हती.

मग मी माझं हुकमी पान टाकलं. म्हणालो, पुढच्या चौकीवर जखमी गडी खांद्यावर टाकून डोंगर उतरावा लागतो, सगळ्या सामानासकट. बाईच्या अंगात ते बळ येणार कुठून? आशीनं माझ्याकडं बघितलं, वाकली, आणि काय होतंय ते कळायच्या आत मी तिच्या खांद्यावर उलटा. कानटोपी पडली. सगळ्या हॉटेलासमोरून, एसटीच्या थांब्यावरून, मारुतीला उजवी घालून तिनं मला पुलापर्यंत नेलं. मी ओरडतोय, शिव्या देतोय, मागं अर्धं गाव. आणि खाली डोकं वर पाय अशा त्या अवस्थेत मला तिच्या टाचा दिसत होत्या. फुटलेल्या, बुटातून रक्त आलेलं. पावलं मात्र एकसारखी पडत होती. मला त्या क्षणी कळलं की ही जाणार. ही पोलिसात थांबायचीही नाही; दार उघडलं की सगळ्यांच्या आधी पुढं जाणार. मी ओरडायचा थांबलो. लोकांना वाटलं, मामाला लाज वाटली.

त्या दुपारी मी तिला खरं सांगितलं. आम्ही शाळूत पाखरं राखत होतो. ती माळ्यावर, मी खाली. मी म्हणालो, "आशे, म्या लांगरी हुतो."

"म्हंजी?"

"स्वैपाकी. पलटणीचा स्वैपाकी. बंदूक चालवली ती शिकताना. ह्यो चट्टा गोळीचा न्हाय. पुऱ्यांची कढई कलंडली हुती."

ती माळ्यावरून उतरली. माझा हात हातात घेऊन चट्टा बघितला, जसा लहानपणी बघायची तसा. रागावली असती तर मी सुटलो असतो.

"मग लढाई?"

मग मी ती गोष्ट सांगितली, जी मी बारशाला सांगत नाही. उंचावरची चौकी. बारा गडी पहाटे गस्तीला गेले. मी बारा जणांच्या पोळ्या केल्या, दर माणशी चार. दुपारी दहा गडी आले. कुणी मला काही सांगितलं नाही, लांगऱ्याला कोण सांगतं? ताटं वाढत गेलो आणि परातीत आठ पोळ्या उरल्या, तेव्हा मला कळलं. टाकाव्यात तर हात होईना, कुणाला द्याव्यात तर कोण घेईल? मी त्या खाल्ल्या. चुलीपुढं उभ्यानं, एकेक करून, आठही. तेव्हापासून आजतागायत मला कुणी विचारलं की लढाई कशी असते, तर मी रणगाडा उचलतो. दुसरं काय सांगू?

शाळूवरून वारा गेला. पाखरं बसली होती, तिनं हाकलली नाहीत.

"म्हणून म्हणतो," मी म्हणालो, "तू जाऊ नको."

तिनं माझी बाही चट्ट्यावर ओढली. मग म्हणाली, "मामा, त्या दोघांत एक बाई असती तर पोळ्या जास्ती उरल्या असत्या का?"

मी आजपर्यंत या प्रश्नाचं उत्तर शोधतोय. सगळ्या बाजू मला पाठ आहेत: बळाची, अब्रूची, बाळंतपणाची, एका तंबूत राहण्याची. ज्या दिवशी ज्याच्याशी बोलतो त्या दिवशी त्याच्या उलट बाजूनं मी भांडू शकतो. पण त्या सगळ्या बाजू खरवडल्या की तळाशी एवढंच निघतं की आम्हाला आमच्या पोरीच्या पोळ्या उरायला नको आहेत. पोराच्या उरल्या तर त्याला आम्ही मोठं नाव दिलंय, चौकात उभं केलंय, त्याच्या आईला साडीचोळी दिली आहे. पोरीसाठी तसं नाव आमच्याजवळ तयार नाही. मग आम्ही म्हणतो, तिला झेपणार नाही. झेपत नसतं ते आम्हाला.

आता ते सांगतो जे सांगायला हा सगळा फापटपसारा मांडला.

त्या दोन पुलांमधलं अंतर मी मोजलेलं होतं. नोकरीतून परत आलो त्याच वर्षी, गावासमक्ष. भरतीला सोळाशे मीटर पळावं लागतं. मी मारुतीच्या पुलावरून निघालो, छाती काढून, पावलं मोजत. बाभळीच्या पुलावर सोळाशेवं पाऊल पडलं, तिथं मी पांढरा दगड रोवला. मी जाहीर केलं, "फौजी पाऊल म्हंजी सरकारी मीटर. ना बोटभर कमी, ना जास्त." गावानं मान डोलावली. माझी उंची किती आणि माझे पाय केवढे हे सगळ्यांना दिसत होतं, पण फौजीच्या पावलाला टेप लावायचा असतो हे कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. मी माझ्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा पहिला माणूस.

पुढं पोरं भरतीला जायची, बहुतेक पडायची, आणि येऊन म्हणायची, "मामा, तिथलं मैदान लई जड हुतं." मी म्हणायचो, "सरकारी माती जडच असती." एखादा पास व्हायचा, त्याच्या मिरवणुकीत मी हलगीच्या पुढं नाचायचो. एका पोराचा मोबाइल अंतर एक सांगायचा, दुसऱ्याचा दुसरंच. मी दोघांनाही म्हणालो, मोबाइल खोटं बोलतो, फौजी बोलत नाही.

आशीची भरती अठरा दिवसांवर आली होती. कालव्याच्या दुरुस्तीसाठी पाटबंधारे खात्याचा एक माणूस टेप घेऊन आला. दिवसभर त्यानं मोजलं. संध्याकाळी चहा पिताना सहज म्हणाला, "हवालदार, तुमची पोरं पळतात ते या पुलापासून त्या पुलापर्यंत ना? चौदाशे मीटर भरतंय बघा. मी सोळाशे ऐकलं होतं."

"टेप ताणलाय तुमचा," मी म्हणालो. "उन्हानं. ताणलेला टेप कमी दाखवतो."

तो हसला. "नवा आहे."

मी त्याला आणखी एक चहा पाजला आणि रणगाड्याची गोष्ट सांगितली.

आशी त्या दोन पुलांत सात मिनिटं दहा सेकंदांत यायची. भरतीला आठ मिनिटांच्या आत यावं लागतं. ती खुशीत होती, पन्नास सेकंद हातात म्हणून. मी हिशेब केला. दोनशे मीटर आणखी म्हणजे पन्नास सेकंद हातात राहत नाहीत, उलट ती मागं पडते. थोडीच. दुसऱ्या दिवशी दगड पुढं सरकवला असता, अठरा दिवस जीव तोडून पळवली असती, तर तेवढं निघालं असतं.

मी पहाटे पुलावर गेलो. कानटोपी घातली. शिट्टी तोंडात धरली. ती धुक्यातून आली. मी घड्याळ बघून म्हणालो, "सात मिनिटं आठ सेकंद. शाब्बास."

असे अठरा दिवस.

का? मला विचारू नका. मी स्वतःला विचारलंय आणि स्वतःला मी दरवेळी नवी गोष्ट सांगतो. कधी म्हणतो, गावात नाव जाईल म्हणून गप्प बसलो. एवढी वर्षं चौदाशेवर पळवलं, पडलेल्या पोरांना काय तोंड दाखवू? कधी म्हणतो, आक्काच्या नारळापायी. कधी म्हणतो, आठ पोळ्यांपायी. यातलं खरं कुठलं हे मला खरोखर माहीत नाही, आणि इतकी वर्षं खोटं बोलल्यावर ही शिक्षा बरोबरच आहे. बाईनं लढावं की लढू नये हे देश सावकाश ठरवील, कोर्टकचेऱ्या होतील, कागद निघतील. आमच्या गावात ते मी ठरवलं. एक शब्द न बोलता.

ती अकरा सेकंदांनी हुकली. भरतीनंतर सहाव्या की सातव्या दिवशी कालव्यावर बसून तिनं मला सांगितलं, शेवटचा टप्पा संपेचना. मैदान जड होतं असं ती म्हणाली नाही. "म्याच कमी पडले, मामा," म्हणाली. आक्कानं मारुतीला नारळ फोडला नाही. तो नारळ देवळीत तसाच वाळला, आतलं पाणी आटलं, आक्का त्याच्याकडं बघत नाही.

आशी आता उमरग्याला असते. हायवेलगतच्या एका खासगी दवाखान्याच्या फाटकावर. निळी पँट-शर्टाची वर्दी, टोपी, हातात काठी. गेल्या आठवड्यात मी दगड सरकवला. पोरी कुरकुरल्या, मी हसवलं, आणि त्यातली एक, सगळ्यांत धाकटी, म्हणाली, "आशाताई किती सेकंदांनी हुकली हुती, मामा?" तिला नुसतं माहीत करून घ्यायचं होतं. मी घरी गेलो नाही. धाराशिवला गाडी बदलली आणि उमरग्याला उतरलो.

दुपारची भेटायची वेळ. फाटकाशी गर्दी, डबे, पिशव्या, तान्ही पोरं. आशीनं मला बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. शेजारच्या गार्डला म्हणाली, "हे माजे मामा. फौजी. रणगाडा उचलला हुता यांनी." आणि माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. तिनं लांगरी कुणाला सांगितला नव्हता.

मी तिला भिंतीकडं घेतलं. गोष्ट नाही, पाल्हाळ नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी चार वाक्यांत बोललो. अंतर चौदाशे होतं. मला कळलं होतं. मी बोललो नाही. माझी चूक झाली.

तिचा चेहरा हलला नाही. रस्त्यावरून ट्रक जात होते, एकामागं एक.

"कधी कळालं तुमाला?"

"भरतीच्या अठरा दिवस आधी."

ती खाली बघत होती. मला वाटलं रडतेय. ती मोजत होती. ओठ हलत होते, बोटं काठीवर पुढं सरकत होती, दर दिवसाला एकेक.

"अठरा दिसांत अकरा सेकंद निघाले असते, मामा."

ती भांडली नाही. मी वाट बघत होतो की ती काठी टाकेल, मला काहीतरी म्हणेल, त्या दिवशीसारखी उचलून रस्त्यावर नेऊन आपटेल. आतून घंटा झाली. तिनं टोपी नीट केली आणि फाटकाशी जाऊन उभी राहिली. लोक बाहेर पडायला लागले. ती प्रत्येकाला हात करत होती, म्हाताऱ्यांना पायरी दाखवत होती, आवाज खणखणीत.

"भेटायची येळ संपली. चला, बाहेर व्हा."

मी तिच्यासमोर आलो तेव्हाही ती तेच म्हणाली, त्याच आवाजात, आणि माझ्या मागच्या माणसाकडं बघितलं.